आकडा सांगा, वाक्य नको

चूक झाली की तिचा क्रमांक विचारल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच झाला, आणि तो आमच्या मुलुंडच्या घरात, बाल्कनी बंद करून काढलेल्या खोलीत राहायचा. ते माझे थोरले दीर. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक सकाळी फिरायला जायला लागतात तसे हे घाटकोपरच्या एका क्लासला जाऊन वेबसाइट बांधायला शिकले. क्लासमध्ये सगळी विशीतली पोरं, आणि त्यांच्यात पहिल्या बाकावर आमचे भाऊजी. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कॉलर खराब होऊ नये म्हणून आतून रुमाल. सर वर्गात आले की हे एकटे उठून उभे राहायचे. शेवटी त्या सरांनीच हात जोडले की काका, प्लीज बसून घ्या, मला लाज वाटते. भाऊजी त्या दिवसापुरते बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे.

आता हे आकड्यांचं काय प्रकरण होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वेबसाइट म्हणजे दुकानाचा काउंटर समजा. माल सगळा मागे गोदामात, त्याला म्हणायचं डेटाबेस. गिऱ्हाईक आलं की काउंटरवाला आधी गोदामाला हाक मारतो. कधीकधी गोदामातून ओ येत नाही. अशा वेळी पीएचपीत, म्हणजे भाऊजी ज्या भाषेत लिहायचे तिच्यात, दोन तऱ्हेनं विचारता येतं: काय झालं ते वाक्यात सांग, किंवा काय झालं ते आकड्यात सांग. बहुतेक लोक वाक्य विचारतात. भाऊजींचा वाक्यावर काडीचा विश्वास नव्हता. "वाक्य म्हणजे बोलणाऱ्याची मर्जी. आज एक बोलेल, उद्या दुसरं. आकडा सगळ्यांना सारखाच," असं त्यांचं म्हणणं. दोन हजार दोन आला म्हणजे गोदामापर्यंत हाकच पोचली नाही. एक हजार पंचेचाळीस म्हणजे हाक पोचली, पण नाव नाहीतर पासवर्ड पटला नाही. एक हजार चाळीस म्हणजे दारात आधीच गर्दी झालीय. आणि शून्य आलं म्हणजे सगळं ठीक. हे गृहस्थ सगळं ठीक असतानाही रोज सकाळी विचारायचे, ते शून्य बघण्यासाठी. शून्य दिसलं की मग चहा.

त्यातला एक नियम त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. तो आकडा शेवटच्या प्रयत्नाचा असतो. पहिल्यांदा बिघडलं आणि तुम्ही न विचारता घाईनं पुन्हा प्रयत्न केलात, की पहिला आकडा पुसला गेला, मूळ दुखणं काय होतं ते कायमचं गेलं. हे समजल्यापासून आमच्या घरात कुठलंही बटण दुसऱ्यांदा दाबायची सोय राहिली नाही. मिक्सर मधेच बंद पडला, मी पुन्हा बटणाकडे हात नेला की आतून आवाज यायचा, "थांबा, थांबा, आधी काय झालं ते बघू द्या." खोबरं भांड्यात तसंच, माझा हात हवेत, आणि भाऊजी चष्मा लावून मिक्सरला प्रदक्षिणा घालतायत. एकदा सोसायटीची लिफ्ट अडकली तेव्हा आत चौघं होती. तिघं बटणं बडवत होती आणि चौथे भाऊजी पॅनेलला पाठ लावून उभे राहिले, कुणाला हात लावू देईनात. मेकॅनिक येईपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी त्यांना काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. पण मेकॅनिकने बाहेरून पॅनेल बघून "किसीने बार बार दबाया नहीं, अच्छा किया," म्हटलं, त्यानंतर आठवडाभर भाऊजी लिफ्टने उगाचच खाली-वर करत होते.

डॉक्टरांनी "व्हायरल आहे" म्हटलं की यांची मान हलायची नाही. "ते झालं वाक्य. आकडा?" मग डॉक्टर निमूटपणे थर्मामीटर दाखवायचे. आणि रिक्षावाले. रिक्षावाल्याने "नहीं जाएगा" म्हटलं तर आपण काय करतो, दुसरी बघतो. भाऊजींनी नकाराची सहा कारणं पाडली होती आणि त्यांना क्रमांक दिले होते. एक, गॅस भरायचाय. दोन, गाडी दुसऱ्याला द्यायची वेळ झाली. तीन, अंतर कमी. चार, उलटी दिशा. पाच, जेवण. सहा, मर्जी. स्टेशनबाहेरच्या रांगेत ते एकेकाला ही यादी समजावून सांगायचे. पहिल्यांदा रिक्षावाल्यांना वाटलं म्हातारा सटकलाय. पण पुढे पुढे मी स्वतः बघितलंय, भाऊजी लांबून येताना दिसले की एक दाढीवाले चाचा खिडकीतून हात काढून नुसती तीन बोटं दाखवायचे, आणि भाऊजी समाधानाने मान डोलावून चालत घरी यायचे. सहा बोटं दाखवायला दोन्ही हात लागतात, तेवढे कष्ट घेण्यापेक्षा रिक्षावाला घरी नेऊन सोडतोच, असं ते म्हणायचे.

माझ्याशी मात्र ते बोलायचे नाहीत. म्हणजे भांडण नव्हतं हो. आमच्या मराठवाड्याकडच्या जुन्या वळणात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी मोकळेपणानं बोलत नाही, आणि भाऊजींनी मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी तेवढं वळण सोडलं नाही. मीठ हवं असेल तर ते नवऱ्याला सांगायचे, "तिला सांग, मीठ." मी हातभर अंतरावर, मिठाची बरणी माझ्याच हातात. तरीसुद्धा मला वेबसाइट बांधायला त्यांनीच शिकवलं. मी बीएस्सी होऊन घरी बसले होते, मुलगी शाळेत जायला लागली होती, दुपारी रिकामी असायचे. एक दिवस भाऊजी नवऱ्याला म्हणाले, "तिला विचार, शिकायचंय का." मग रोज दुपारी मी कॉम्प्युटरसमोर आणि ते बाजूच्या खुर्चीवर, आणि बोलायचे सगळं मॉनिटरशी. "इथे ओळीच्या शेवटी अर्धविरामाची खूण राहिलीय," मॉनिटरला सांगायचे. मी ती घालायचे. "आता जमलं," हेही मॉनिटरलाच. दीड वर्ष त्या मॉनिटरने माझ्या वाटची सगळी शाबासकी घेतली. पण मला पवईत एका कंपनीत नोकरी लागली ती त्या दुपारींच्या जोरावर, यात शंका नाही. पहिल्या दिवशी निघताना ते नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, डबा नेत जा. बाहेरचं खाऊ नको."

भाऊजींनी आयुष्यात वेबसाइट एकच बांधली, आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची. मंडळाचं ऑफिस घाटकोपरला एका विहाराच्या वरच्या खोलीत. मुलामुलींची माहिती, शिक्षण, नोकरी, फोटो, सगळं भाऊजींनी स्वतः भरलं. साइट दिसायला अगदी साधी, निळ्यावर पांढरी अक्षरं. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, स्वस्तातलं घेतलेलं, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा तरी ती बसायचीच. आणि इथेच भाऊजींची करामत. बाकीच्या साइट बंद पडल्या की गोड गोड माफी मागतात. भाऊजींच्या साइटवर मोठ्या अक्षरात आकडा यायचा, आणि खाली: "घाबरू नका. पुन्हा दाबू नका. हा आकडा मला फोनवर सांगा." त्याखाली त्यांचा मोबाइल नंबर.

आणि लोक खरंच फोन करायचे. भाऊजी सकाळी दहाला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, घरातल्या घरात, फोनसमोर बसायचे. फोन वाजला की तिसऱ्या रिंगला उचलायचे, पहिल्याला कधीच नाही. "जय भीम. बोला. कोणता आकडा दिसतोय? बरं. त्याआधी काय करत होतात? पुन्हा दाबलंत का?" दाबलं असेल तर दोन मिनिटं हळहळायचे. मग दुरुस्ती. पण दुरुस्ती होईपर्यंत समोरचं माणूस लायनीवर, आणि नुसतं गप्प कोण बसणार? "त्याआधी काय करत होतात" या प्रश्नाला लोक काय काय सांगायचे. मालाडच्या एक बाई होत्या, त्यांनी दोन हजार दोनच्या निमित्तानं मुलीची सगळी कहाणी सांगितली, ती मुलगी कशी प्रत्येक स्थळाला नाकच मुरडते, बाप कसा काही बोलत नाही, शेजारणी कशा रोज विचारतात. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला एकदा विचारा, पहिल्या स्थळाच्या वेळी नक्की काय झालं होतं. नंतरचे नकार सोडा." बाईंनी विचारलं. पहिल्या वेळी मुलाकडच्या कुणीतरी तिच्या रंगावरून काहीतरी बोललं होतं आणि पोरीनं ते आईला कधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे पत्रिका आली, तिच्यावर नावाच्या जागी "दोन हजार दोनवाले काका" असं लिहिलं होतं.

अशा पत्रिका पुढे पुष्कळ आल्या. भाऊजी प्रत्येक लग्नाला जायचे. आहेर म्हणून एक पुस्तक द्यायचे, जेवायचे, फोटोला उभे न राहता निघून यायचे. स्वतः बिनलग्नाचा माणूस, पण भांडुपपासून बोरिवलीपर्यंत कुठल्या घरात कोणाचं अडलंय, कोणाची सून माहेरी येऊन बसलीय, सगळं त्यांना ठाऊक. आणि हे सगळं समजलं कशामुळे, तर साइट बंद पडली म्हणून.

मग मी ती सुधारली.

झालं असं की होस्टिंगवाल्यांनी पीएचपीची नवी आवृत्ती चढवली. जुन्या आवृत्तीत गोदामाने ओ दिली नाही तरी प्रोग्राम पुढच्या ओळीवर जायचा, आणि तिथे भाऊजींची ती आकडा विचारणारी ओळ असायची. नव्या आवृत्तीत हाक फुकट गेली की प्रोग्राम जागच्या जागी आडवा. भाऊजींच्या ओळीची पाळीच येईना. पडद्यावर नुसता पांढरा कागद, ना आकडा, ना फोन नंबर. भाऊजी तीन दिवस त्या कागदाकडे बघत बसले. मग नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, जरा बघ."

मी काय, तेव्हा पवईत सीनियर झाले होते, अंगात जोर होता. एका रविवारी सगळं उलटंपालटं केलं. साइट चांगल्या होस्टिंगवर नेली. गोदामाने ओ दिली नाही तर आपली आपण तीनदा हाक मारेल अशी सोय केली. तरीही नाहीच जमलं, तर पडद्यावर फुलांच्या नक्षीत छान वाक्य: "क्षमस्व, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." आकडा काढून टाकला. बाहेरच्या माणसाला आतले आकडे दाखवायचे नसतात, हे आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी शिकवतात, आणि ते खरंच आहे. फोन नंबर काढला, कारण आता त्याची गरज काय? भाऊजी बाजूच्या खुर्चीवर होते. मॉनिटरला म्हणाले, "तीनदा हाक मारते? मग पहिल्यांदा काय बिघडलं होतं ते कुठे राहतं?" मी म्हटलं, "असतं ना भाऊजी, लॉगच्या नोंदींमध्ये. पण ते कोण बघतंय," आणि हसले. ते माझं हसणं आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. भाऊजी मात्र नवऱ्याला म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मोठ्या ठिकाणी असंच करतात."

साइट झकास चालायला लागली. महिनामहिना बसेना. आणि भाऊजींचा फोन वाजायचा थांबला. माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. ते दहाला शर्ट घालून बसायचेच. मधेच माझ्या मुलीला म्हणायचे, "बाळा, जरा तुझ्या फोनवरून मला लाव, रिंग येते का बघू." रिंग यायची. दोन वेळा दुकानात जाऊन सिम तपासून आले. मी हे सगळं बघत होते आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याचा नवा छंद. मग एकदा मी आजारी म्हणून घरी होते, तेव्हा कुठल्याशा क्रेडिट कार्डवाल्या पोरीचा त्यांना फोन आला. आपण अशांना दोन शब्दांत कटवतो. भाऊजींनी तिला पाऊण तास लायनीवर ठेवलं. तिचं गाव विचारलं, शिफ्ट विचारली, सकाळी खाऊन निघतेस का ते विचारलं. ती बिचारी शेवटी कार्ड विसरली. संध्याकाळी नवरा आल्यावर भाऊजी त्याला म्हणाले, "आज एक चांगला फोन आला होता."

म्हणून मी ते केलं. एका बुधवारी ऑफिसातून, सकाळी साडेअकराला, मी साइटचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा करून ठेवला आणि भाऊजींचं जुनं पान परत लावलं. आकडा एक हजार पंचेचाळीस, "पुन्हा दाबू नका", आणि त्यांचा नंबर. पगारी सीनियर इंजिनीअर बाई, चालती साइट पाडून बसले. आता वाजेल, मग वाजेल, असं करत बसले. साइटवर लोक येत होते ते मला दिसत होतं. येत होते, पान बघत होते, पुन्हा दाबत होते, परत जात होते. थोड्या वेळाने प्रयत्न करायची सवय मीच लावली होती ना. दीड वाजला. मी सुट्टीमुळे घरी असलेल्या मुलीला मेसेज करून विचारलं, काकांना कुणाचा फोन आला का? ती म्हणाली, नाही, शर्ट घालून बसलेत. मग मी डबा आणि लॅपटॉप घेऊन कँटीनच्या कोपऱ्यात गेले आणि ऑफिसने दिलेल्या मोबाइलवरून स्वतःच लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

"जय भीम. बोला. कोणता आकडा दिसतोय?"

"एक हजार पंचेचाळीस."

"बरं. त्याआधी काय करत होतात?"

मी कुणी परकी बाई म्हणून बोलायचं ठरवलं होतं, पण ते जमेना. म्हटलं, "पासवर्ड बदलला."

"कुणी?"

"मीच. भाऊजी, मी आहे, वैशाली."

"आवाज ओळखला मी," ते म्हणाले. "का बदललास?"

"तुमचा फोन वाजावा म्हणून."

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"साडेअकरापासून."

"म्हणजे दोन तास," ते म्हणाले, आणि लग्नानंतर चौदा वर्षांत पहिल्यांदा, मधे नवरा नाही, मॉनिटर नाही, थेट मला ओरडले. "अगं, एखादी आई महिनाभर मन तयार करून आज बसली असेल. मुलीने आजच कुठे फोटो टाकायला हो म्हटलं असेल. तिला तू दोन तास बाहेर उभं केलंस? माझ्यासाठी? आधी ते सरळ कर."

मी फोन खांद्याला धरून लॅपटॉपवर पासवर्ड सरळ केला, तपासलं आणि म्हटलं, "शून्य."

"नक्की?"

"नक्की."

आता ठेवतील असं वाटलं. ते म्हणाले, "जेवलीस?"

"नाही अजून. डबा समोर आहे."

"मग जेव. मी आहे फोनवर."

मी जेवले आणि ते बोलत राहिले. मालाडच्या बाईंच्या मुलीला जुळं झालं ते सांगितलं. तक्रारींच्या टेबलावरच्या पहिल्या दिवशी फोन उचलायलाच कसे घाबरले होते ते सांगितलं. आणि तिशीत असताना परभणीचं एक स्थळ सांगून आलं होतं, शिक्षिका होती, त्यांना आवडली होती, हेही सांगितलं. धाकट्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण व्हायचं होतं म्हणून यांनी तिकडच्यांना थांबा म्हटलं. "मग तिकडून परत कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही," ते म्हणाले. पंचवीस मिनिटं. माझी मीटिंग बुडाली. मी खूश होते आणि पोळीबरोबर रडतही होते, कँटीनवाला बघत होता. संध्याकाळी घरी गेले तर भाऊजी नवऱ्याला म्हणत होते, "तिला सांग, वरणात आज मीठ जास्त झालंय."

तेव्हा मला कळलं की आमच्या दोघांत बोलायची वाट तो फोनच. मी मनाशी ठरवलं, रोज दुपारी डबा खाताना लावायचा. दुसऱ्या दिवशी लावला. पुढच्या आठवड्यात एकदा लावला. मग कामाचा रेटा आला, मग दिवाळी, मग जेवताना मीटिंगा सुरू झाल्या, आणि मला वाटत राहिलं, माणूस घरातच तर आहे.

दीड वर्षाने भाऊजी गेले. सकाळी शर्ट घालून बसले होते, तसेच. पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावेनात. बोरिवलीहून आले, भांडुपहून आले, जोडपी आली, कडेवर पोरं घेऊन आली. मालाडच्या बाई माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, "किती दिवस काकांशी बोलावंसं वाटत होतं गं. पण साइट इतकी चांगली चालायला लागली ना, फोन करायला काही कारणच नव्हतं."

मी मान हलवली. त्यांना कारण नव्हतं, हे खरंच आहे, ते मीच काढून घेतलं होतं. पण मला तर कारण लागतही नव्हतं. रोज दीड वाजता मी कँटीनच्या त्याच कोपऱ्यात बसत होते, फोन डब्याशेजारी पडलेला असायचा, आणि मुलुंडला तिसऱ्या रिंगला उचलायला ते तयार बसलेले असायचे. त्या बुधवारनंतर मी दोनदाच लावला.